बाळंतिणीचा वाटा

नवसू भित्रा माणूस. हे तो स्वतःही कधी नाकारत नसे. मोटारसायकलवर मागे बसला की डोळे मिटून घ्यायचा. तालुक्याला कचेरीत जायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून त्याचं पोट बिघडायचं. आणि खाकी कपड्यातला माणूस दिसला, मग तो जंगलखात्याचा असो नाहीतर एसटीचा कंडक्टर, नवसू आधी डोक्यावरची टोपी काढायचा आणि मग कोण आहे ते बघायचा. बायको सावळी चारचौघांत म्हणायची, "आमच्या म्हाताऱ्याला पोस्टमननं हाक मारली तरी रानात पलंल." लोक हसायचे. नवसूही हसायचा.

पाण्यात मात्र त्याला भीती ठाऊक नव्हती. मुरबाडच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, नदीच्या वळणावर त्याची अठरा घरांची वाडी. पोरं आसनगाव, कल्याणकडे पांगली, तशी त्यातल्या सात घरांना बहुतेक वर्षभर कुलूपच असतं. उरलेल्या अकरा घरांची पावसाळ्यात भातशेती, आणि उन्हाळ्यात जे काही असेल ते नदीचं. उन्हाळ्यात नदीही आटते. वाडीखाली तेवढा एक लांबट डोह उरतो, पुरुषभर खोल. त्या डोहाचा खडक न खडक नवसूला पायांनी पाठ होता.

चैत्र सरता सरता एक दिवस ठरवून सगळी वाडी डोहावर उतरते. रानातल्या गेळ्याच्या झाडाची सुकलेली फळं कुटायची, त्यांची भुकटी पाण्यात सोडायची, आणि वाट बघायची. मासा झिंगतो, पोट वर करून काठाला येतो. मोठा तो टोपलीत घ्यायचा, बारीक तो सोडून द्यायचा. सोडलेला मासा तासाभरात शुद्धीवर येऊन पळतो. याला वाडीत डोह फिरवणं म्हणतात. भुकटी किती, कुठल्या तोंडाशी, पाणी किती तापल्यावर, हे सगळं ज्याला कळतं तोच डोह फिरवतो. नवसूच्या बापाला कळायचं. बाप गेल्यावर गेली एकोणतीस वर्षं ते काम नवसूकडे होतं.

या कामाच्या दोन रीती होत्या. पहिली अशी, की ज्याने डोह फिरवला त्याने पहिला मासा सगळ्यांदेखत विस्तवावर भाजून खायचा. त्याची त्यावर एक बिडी ओढून झाली, की मग बाकीच्यांनी वाटे घरी न्यायचे. दुसरी अशी, की पळसाच्या पानांवर वाटे मांडताना सगळ्यांत आधी बाळंतिणीचा वाटा काढायचा, आणि त्यात त्या दिवशीचा सगळ्यांत मोठा मासा घालायचा. वाडीत बाळंतीण असेल त्या वर्षी नवसूला डोह फिरवायला जास्त हुरूप यायचा.

त्याचा मुलगा अनिल आसनगावजवळ एका गोडाऊनमध्ये कामाला होता. तो दर आठवड्याला फोन करायचा. "बाबा, इकडं या. आमच्या बिल्डिंगला वॉचमन पायजेल. खुर्चीवर बसून पगार."

"मी आलो तर डोह कोन फिरवंल?" नवसू म्हणायचा.

"डोहात आता मासा तरी किती उरलाय?"

ते खरं होतं. मासा दर वर्षी कमी होत होता. पण वाडीत नवसूला मान असलेला हा एवढाच एक दिवस. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस तो भित्रा नवसू होता. तो दिवस सोडून खुर्चीवर जाऊन बसणं त्याच्या जिवावर यायचं.

त्या वर्षी वाडीत बाळंतीण होती. लहानी म्हणून नवसूची चुलत बहीण, त्याच्याहून चार वर्षांनी मोठी, तिची सून बारकी. पोरगा होऊन बारा दिवस झाले होते. लहानीचा मुलगा कसाऱ्याकडे रस्त्याच्या कामावर होता, म्हणून घरात या दोघी आणि ते बाळ. बारकीला दूध पुरेसं येत नव्हतं. लहानी आठ दिवसांपासून नवसूच्या मागे लागली होती, "मरळ मिळव रे नवसू. मरळीचा रस्सा पोटात गेला का दूध उतरंल."

गेळ्याची फळं नवसू दर वर्षी बांबूच्या टोपलीत, चुलीच्या वर टांगून ठेवायचा. या वर्षी फळं जास्त मिळाली. एक टोपली भरली आणि वर तेवढीच उरली. उरलेली फळं त्याने एका पांढऱ्या प्लास्टिकच्या गोणीत भरून कोपऱ्यात ठेवली. ती गोणी त्याला मागच्या पावसाळ्यात, भाताच्या आवणीला गेला असताना, एका बड्या शेतकऱ्याकडे मिळाली होती. पावसात डोक्यावर घ्यायला म्हणून त्यानेच मागून घेतली. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, भाताचे बांध पोखरतात, त्यांना मारायला शेतात जे दाणेदार औषध टाकतात, ते त्या गोणीतून आलं होतं. नवसूला वाचता येत नव्हतं, पण औषधाची गोणी आहे एवढं त्याला कळत होतं. त्याने ती उलटी करून दगडावर चांगली आपटली, पावसाळाभर डोक्यावर वागवली. एवढ्या पावसात काय शिल्लक राहणार, असं त्याला वाटलं. आतल्या बाजूला एक पातळ अस्तर आहे आणि त्या अस्तराच्या शिवणीत पाणी जात नाही, हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

डोहाच्या दिवशी सकाळी त्याने आधी टोपलीतली फळं कुटली आणि ती भुकटी डोहाच्या वरच्या तोंडाशी सोडली. थोड्या वेळाने वरच्या अंगाला मासे यायला लागले. त्यातली एक खवली नवसूने उचलली, काठावरच्या विस्तवावर भाजली, आणि मीठ लावून सगळ्यांसमोर खाल्ली. लहानी पहाटेपासून तिथेच वरच्या दगडांवर बाळंतिणीची धुणी धूत होती. तिने पिळे खांद्यावर टाकले आणि कमरेवर हात ठेवून त्याला खाताना बघितलं. नवसूने बिडी पेटवली. बिडी संपल्यावर तो उठला, गोणीतली फळं कुटली, आणि खालच्या तोंडाशी सोडली. कुटताना एक उग्र वास आला. उंदीर मुतले असतील, असं म्हणून त्याने नाक दुसरीकडे केलं.

खालच्या तोंडाशी मासे लवकर आले, आणि पुष्कळ आले. मुरे, शिंगट्या, दोन वामी, आणि कोपरापासून बोटापर्यंत लांब अशी एक मरळ. ती बघून बायका ओरडल्याच. काठाच्या गाळात एक चिंबोरी पाय आखडून उताणी पडली होती. गेळ्याने चिंबोरीला काही होत नाही, हे नवसूला पक्कं ठाऊक होतं. ऊन लागलं असेल, असं त्याच्या मनाने त्याला सांगितलं, आणि तेवढ्यात कुणीतरी वाटे मांडायला हाक मारली.

घरी आल्यावर सावळीने मासे साफ करायला घेतले. नवसू अंगणात बसून गोणी घडी करायला लागला. चांगली गोणी, पुढच्या पावसाला उपयोगी पडेल. झटकली तसे शिवणीतून काळपट, खरबरीत दाणे जमिनीवर सांडले. मूठभरही नसतील. घरची तांबडी कोंबडी धावत आली आणि टिपायला लागली. नवसूने तिला हाकललं, पण तोवर तिच्या पोटात काही दाणे गेलेच.

त्याने वाकून वास घेतला. सकाळचाच वास.

 त्याने स्वतःला समजावलं, मी खाल्लंय, मला कुठे काय झालंय? दोन तास झाले. त्याने हात पुढे धरून बघितले. हात थरथरत होते. तोंडात लाळ येत होती, कपाळावर घाम होता. हे भीतीने होतंय की औषधाने, हे त्याला कळेना. आजवर भीतीची सगळी लक्षणं त्याला घरच्या माणसांसारखी ओळखीची होती, आज पहिल्यांदा त्यांची खात्री वाटेना. मग त्याला आठवलं, की आपण खाल्लेली खवली वरच्या तोंडाची. ती खाल्ली तेव्हा गोणीचं तोंड बांधलेलंच होतं. आपण खाऊन दाखवलं त्याला काही अर्थच नव्हता. तेवढ्यात कोंबडी कुडाला जाऊन धडकली, मान वाकडी करून दोनदा गोल फिरली, आणि पंख पसरून पडली.

"सावळे!" त्याने हाक मारली.

सावळी बाहेर आली. तिने कोंबडी बघितली, गोणी बघितली, दाणे बघितले. तिला काही सांगावं लागलं नाही. ती आत गेली, माशांचं पातेलं उचलून आणलं, परसात खड्डा करून सगळं त्यात ओतलं आणि वर माती लोटली. हात धुवून आली आणि म्हणाली, "चल. मी वरच्या घरांना सांगते, तू खालच्या."

"काय सांगशील?"

"काय म्हंजे? झाला ते."

नवसूने तिचा हात धरला. डोहात औषध टाकलं म्हणून जंगलखात्याने मागे एका वाडीतल्या चौघांना नेलं होतं, ते त्याला आठवत होतं. इथे तर खरंच विष होतं. केस होईल. पोलिसांची गाडी अंगणात येईल. अनिलची नोकरी जाईल. आणि एकोणतीस वर्षं मिळालेला मानाचा एकच दिवस, तोही जाईल. "असा सांग," तो म्हणाला, "वरच्या अंगाला नदीत कुनीतरी औषध ओतलाय. मासं टाकून द्या. मासं टाकल्याशी मतलब ना?"

सावळीने हात सोडवून घेतला. मग पदर खोचून तेच सांगायला वरच्या वाटेला लागली.

खोटं फार सहज चाललं. नदीच्या वरच्या अंगाला बाहेरच्या लोकांनी जमिनी घेऊन बंगले बांधले होते, त्यांच्यावर वाडीचा राग होताच. नामाच्या घरी नवसूने सांगितलं, तर नामाने बंगलेवाल्यांना दोन शिव्या घातल्या आणि कालवणाचं भांडं तसंच उकिरड्यावर पालथं केलं. पारूने मासे अजून धुतलेही नव्हते. बाळीच्या घरी पोरं जेवायला बसायच्या बेतात होती, तिने ताटं ओढून घेतली. चार घरं झाली. प्रत्येक घरातून बाहेर पडताना नवसूचा श्वास थोडा मोकळा होत होता. कुणी खाल्लं नव्हतं. कुणी त्याला काही विचारलंही नव्हतं.

शेवटचं घर लहानीचं.

बाळंतिणीच्या घरात पुरुषाने उंबरा ओलांडायचा नाही. नवसू अंगणातच थांबला. आतून कालवणाचा वास येत होता. बाळंतिणीचा वाटा सगळ्यांत आधी निघतो आणि सगळ्यांत आधी शिजतो, हे त्याला त्या वासाबरोबर कळलं. मरळ खालच्या तोंडाची होती.

"लहानीबाय! बारकीला मासा देऊ नको गो!"

लहानी दारात आली. हाताला तांदळाचं पीठ होतं. "का रे? काय झाला?"

"नदीला वरच्या अंगाला कुनीतरी औषध ओतलाय. सगळ्यांनी मासं टाकलं. तू पन टाक."

"कुनी ओतला?"

"बंगलेवाल्यांनी. सकाळी."

लहानी हसली. "सकाळी मी कुठं होते रे? वरच्या दगडांवर. पहाटंपासून धुनी धुतलीत मी. माझ्या वरतून कुत्रा पन पान्यात उतरला नाय."

"त्याच्या पन वरती असंल."

"मंग माझ्या पायाशी मासं मेलं असतं. मी तिथं गुडघाभर पान्यात उभी होते." तिने त्याच्याकडे नीट बघितलं. "आन तू खाल्लास ना? माझ्या डोल्यांदेखत खाल्लास. तू भितोस म्हनून मी माझ्या सुनंला उपाशी ठेवू? आठ दिस पोर रडतंय दुधाला."

"बाय, ऐक गो."

"घरी जा. लिंबूपानी पी. ऊन लागलाय तुला." असं म्हणून लहानी आत वळली. ती आत काय बोलली ते त्याला ऐकू आलं नाही. फक्त ताट सरकवल्याचा आवाज आला.

नवसू अंगणात उभा राहिला.  आता नुसतं निघून गेलं तर? सांगितलं तर होतं. तिने ऐकलं नाही, त्याला आपण काय करणार? हा विचार त्याच्या मनात आला, हे खरं आहे, आणि तो विचार किती वेळ टिकला हे नवसूने पुढे कुणालाच सांगितलं नाही. आत बाळ रडलं. मग त्याच्या पायांनी जे कधी केलं नव्हतं ते केलं. तो उंबरा ओलांडून आत गेला.

"मी केलाय!" तो ओरडला. "बंगलेवाल्यांनी नाय. माझ्या गोनीत औषध होता. चिंबोरीचा औषध. फळं त्यात ठेवली मी. खालच्या अंगाची सगळी मासं इखाची हायेत. मी खाल्ला तो वरच्या अंगाचा. माझी कोंबडी मेली. थूक गो बारके, थूक!"

बारकी खाटेला टेकून बसली होती. ताट मांडीवर होतं, हात ताटात होता, आणि गाल भरलेला होता. तिने तोंडातला घास तसाच ताटात टाकला. लहानीने ताट हिसकावलं. "किती खाल्लास गो?"

"दोन घास," बारकी म्हणाली. "हा तिसरा."

पुढचं सगळं घाईघाईत झालं. लहानीने मिठाचं पाणी पाजायला घेतलं. नामाची भाजी वाहायची पिकअप होती, ती त्याने अंगणापर्यंत आणली. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पाऊण तासाची वाट. पुढे नामाशेजारी बारकी आणि मांडीवर बाळ घेतलेली लहानी, मागच्या हौद्यात नवसू. गाडी खड्ड्यात आपटायची तेव्हा बारकी ओकायची, आणि ती ओकली नाही की नवसू मागच्या काचेला तोंड लावून बघायचा, तिची मान सरळ आहे का. तांबड्या कोंबडीची वाकडी झालेली मान त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. बाळ सारखं रडत होतं, आणि लहानी त्याला छातीशी लावू देत नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, औषध कुठलं? कुणालाच नाव सांगता येईना. तेव्हा नवसूने काखेतली गोणी पुढे केली. घरून निघताना ती त्याने काखेत मारली होती, कशासाठी ते त्यालाही ठाऊक नव्हतं. बाईंनी गोणीवरची अक्षरं वाचली, नर्सला दोन शब्द सांगितले, आणि बारकीला आत घेतलं. मग त्यांनी विचारलं, "हे कुणी केलं?" दाराशी खाकी कपड्यातला एक रखवालदार उभा होता. नवसूने टोपी काढली. "मी, बाय," तो म्हणाला. बाईंनी त्याचं नाव लिहून घेतलं, त्याच्या हातांना साबण लावून घेतला, आणि त्यालाही एका कोपऱ्यात झोपवलं.

दोन दिवस बारकीला ठेवून घेतलं. दोन दिवस बाळाला बाटलीचं दूध. पहिल्या दिवशी तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हातांच्या बोटांना मधूनच झटका येत होता, तेव्हा लहानी तिची बोटं आपल्या मुठीत घट्ट धरून ठेवायची. नवसू पडद्याच्या फटीतून ते बघायचा. त्याला काहीच झालं नाही. त्याला व्हायला हवं होतं, असं त्याला दर घटकेला वाटायचं. तिसऱ्या दिवशी बाईंनी सांगितलं, आता धोका नाही, घरी न्या. पोलीस आले, त्याचं म्हणणं लिहून घेतलं, अंगठा घेतला, आणि पुन्हा बोलावू म्हणाले. तो नीट बोलला. एकदाही अडखळला नाही.

वाडीत परतल्यावर त्याने पारूच्या म्हशी डोहाकडे जाऊ दिल्या नाहीत. सावळीला बरोबर घेऊन डोहाभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घातलं, खाली पडलेले मासे खड्ड्यात पुरले. बारीक मासेही मेले होते, पुढच्या वर्षीचे आणि त्याच्या पुढच्या वर्षीचे. खालच्या दोन वाड्यांना त्याने स्वतः जाऊन सांगितलं, काय झालं आणि कुणी केलं. वाडीत त्याला कुणी शिवी दिली नाही, कुणी वाईट बोललं नाही. नामा एवढंच म्हणाला, "तू आत घुसलास म्हनून पोरगी वाचली." दोन-तीन जणांनी ते पुढे चालवलं. नवसूला ते ऐकून बरं वाटलं. खरं तर ते एवढंच त्याला आता धरायला उरलं होतं. अनिलचा फोन आला तेव्हा नवसूने त्यालाही तेच सांगितलं, की उंबरा ओलांडला मी, तेव्हा पोरगी वाचली.

पाचव्या दिवशी संध्याकाळी, उजेड असताना, लहानी त्याच्या अंगणात आली. दवाखान्यापासून ती त्याच्याशी बोलली नव्हती. सावळीने बसायला गोधडी टाकली, पण ती बसली नाही.

"बारकीचं पोर आज अंगावर प्यालं," ती म्हणाली. "तुला सांगाया आले."

नवसूने हात जोडले. त्याचे डोळे भरून आले.

"आन एक विचारायचा हाय." तिचा आवाज चढला नव्हता. "तू पयल्यांदा हाक मारलीस ना, तवा तिचा ताट तसाच होता. हात पन लावला नव्हता तिनं. सासू आल्याबिगर कसं जेवू म्हनून माझी वाट बघत होती. तू बंगलेवाल्यांचा सांगितलास, मला खोटा वाटला. मी आत गेले आन तिला म्हटला, जेव गो, नवसूला ऊन लागलाय. त्याच्या मागनं खाल्लं तिनं ते दोन घास." ती थांबली. "तू पयल्यांदाच खरा बोलला असतास, तर तिच्या पोटात कायच गेला नसता. का नाय बोललास रे?"

 नवसूकडे सांगायला कारण होतं, आणि ते खरंही होतं. पण ते लहानीच्या तोंडावर सांगायची त्याची हिंमत होईना. त्याने सावळीकडे बघितलं, तर ती खाली जमिनीकडे बघत होती.

 लहानीने गोधडी ओढली आणि ती उत्तर घेतल्याशिवाय उठायचं नाही अशी अंगणात बसली.